बाथरूमला लागलेली भिंत पुन्हा पुन्हा ओली होते? रंगाऱ्याला बोलवण्याआधी या क्रमाने तपासा

आधी लक्षणं. बाथरूमची भिंत पलीकडून ज्या खोलीत येते, बहुतेक घरांत ती बेडरूम असते आणि कपाटही नेमकं त्याच भिंतीला ठोकलेलं असतं. तिथे यातलं काही दिसतंय का बघा:

- स्कर्टिंगच्या वर वीतभर पट्ट्यात रंगाचे पोपडे सुटतात. खरवडून, पुट्टी भरून रंग मारला की एक पावसाळा निघतो, मग पुन्हा तेच.
- पोपड्याखाली पांढरी भुकटी किंवा कापसासारखे तंतू. हा लोणा.
- कपाट उघडलं की कुबट वास येतो. मागच्या प्लायवर काळे-हिरवे ठिपके, खालच्या कप्प्याची सनमायका फुगलेली.
- बाथरूमच्या लाकडी चौकटीचे पाय काळे पडून भुसभुशीत झालेत, दार घासतं.
- खालच्या मजल्यावरचे काका दुसऱ्यांदा जिना चढून आलेत आणि त्यांच्या छतावरच्या ओल्या डागाचे फोटो त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेत.

ठाणे-डोंबिवली-बदलापूर पट्ट्यात मी गळतीचीच कामं करतो. मला बोलावणं येतं तेव्हा रंगारी दोनदा आणि सुतार एकदा येऊन गेलेला असतो. पैसे गेलेले, भिंत तशीच. कारण सगळ्यांनी ओल दिसते तिथे काम केलेलं असतं. पाणी शिरतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे. शिरण्याची जागा सापडेपर्यंत भिंतीवर रुपयाही घालू नका. आणि ती शोधायला सुरुवात छन्नी-हातोड्याने करू नका. बऱ्याच घरांत टाइल्स फोडायची वेळच येत नाही.

बाथरूमच्या लादीखाली काय असतं ते माहीत असलं की पुढचं सगळं सोपं जातं. फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा खाली घेतलेला असतो, कुठे नऊ इंच, कुठे फूट-दीड फूट. या खड्ड्याला साइटवर संक म्हणतात. त्यात नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जातं ती जाळीखालची वाटी) आणि पाइप बसवून विटांचे तुकडे आणि सिमेंट भरतात, कोबा (सिमेंटचा पक्का थर) करतात, वर लादी. पाणी अडवणारा थर असतो तो कोब्याच्या आसपास. लादी आणि तिच्या दर्जांमधलं (म्हणजे दोन लाद्यांच्या मधल्या फटींतलं) साधं सिमेंट पाणी अडवत नाही, फक्त वेग कमी करतं. वरून झिरपलेलं पाणी संकमध्ये साठून राहतं आणि बाजूची भिंत ते महिनोन्‌महिने शोषत राहते. म्हणून भर एप्रिलमध्येही भिंत ओली दिसते.

१. पेन्सिल आणि कॅलेंडर

फुकटची तपासणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. दर आठवड्याला बघा. ओल रेघेबाहेर गेली तर नवी रेघ, नवी तारीख.

मग आकार बघा. जमिनीलगत आडवा सलग पट्टा असेल तर पाणी लादीखालून येतंय. तीन-चार फुटांवर एकटा डाग, आणि पलीकडे बरोबर त्याच उंचीवर शॉवरचा मिक्सर असेल, तर संशय भिंतीतल्या पाइपवर. छताजवळून खाली ओघळत येत असेल तर वरच्या मजल्याचं बाथरूम किंवा बीम आणि भिंतीमधली फट.

ओल फक्त जून ते सप्टेंबर दिसत असेल तर बाहेरून पाऊस शिरतोय किंवा हवेतला दमटपणा आहे. बारा महिने असेल तर घरातलंच पाणी.

मे महिन्यात सगळे गावी जाणार असाल तर आणखी एक सोय. बाथरूमचा व्हॉल्व्ह मुद्दाम चालू ठेवून जा. (टाकीची लेव्हल आणि वॉचमन यांवर भरवसा असेल तरच.) परत आल्यावर रेघ पुढे सरकलेली दिसली तर दाबाखालचा पाइप गळतोय, कारण तो कोणी वापरो न वापरो, गळतच राहतो. ओल आक्रसली असेल तर दोष लादीत, ट्रॅपमध्ये किंवा सांडपाण्याच्या पाइपमध्ये. त्यांच्यातून पाणी जातं ते कोणी आंघोळ केली तरच.

तळमजल्यावर किंवा रो-हाउसमध्ये राहत असाल आणि सगळ्याच भिंती खालून तीनेक फुटांपर्यंत ओल्या असतील, तर दोष बाथरूमचा नाही. ती जमिनीतून चढणारी ओल आहे. जोत्यावर ओल अडवणारा थर नाही किंवा तो तुटलाय. तो वेगळा आजार आहे आणि त्यावर घरच्या घरी उपाय नाही, इंजिनिअरला दाखवा.

२. स्वयंपाकघरातली फॉइल

पोपडे खरवडून हातभर चौकोनी जागा कोरड्या कापडाने पुसा. त्यावर फॉइल किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी काढा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर ओल हवेतली आहे: बंद खोली, एसी, थंड भिंतीला टेकलेलं कपाट. थेंब भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतूनच येतंय.

हवेतली ओल निघाली तर तुमचं काम स्वस्तात झालं. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा, बाथरूमचा एक्झॉस्ट आंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. वॉटरप्रूफिंगवाल्याची गरज नाही, आणि हे मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध सांगतोय.

३. आजूबाजूचं पाणी

एसीचा ड्रेन पाइप भिंतीत कुठे संपतो ते बघा. इंटीरिअरवाले तो लपवतात आणि पुष्कळदा भिंतीतच अर्धवट सोडतात. खिडकीच्या खालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे का, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टाइल्समागे थेंब-थेंब गळतोय का, हेही बघून घ्या. दहा मिनिटांचं काम.

४. पाण्याची लाइन

फरशीआधी पाइप तपासायचा, कारण पाइपची तपासणी काहीही न फोडता होते. शिवाय पाइप गळत असताना फरशीवर केलेला सगळा खर्च वाया जातो.

घराला मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. आकडा हलला तर कुठेतरी पाणी जातंय. मात्र आधी फ्लशची टाकी बघा, कमोडमध्ये बारीक धार चालू असते आणि सगळे भिंतीवर संशय घेतात. मीटर नसेल तर व्हॉल्व्ह वापरा. जुन्या-नव्या बऱ्याच इमारतींत बाथरूम, फ्लश आणि स्वयंपाकघर यांच्या लाइनी गच्चीवरच्या टाकीतून वेगवेगळ्या उतरतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो. एकेक लाइन चार-पाच दिवस फक्त वापरापुरती उघडा, बाकी वेळ बंद ठेवा आणि रेघेकडे लक्ष ठेवा. भिंत लगेच वाळेल अशी अपेक्षा नको, ओला गिलावा वाळायला आठवडे लागतात. बघायचं ते एवढंच की ओल पुढे सरकायची थांबली का.

गरम पाण्याच्या लाइनसाठी तर हाताचा तळवा पुरतो. गीझरचं पाणी दहा मिनिटं वापरा आणि पलीकडच्या खोलीत डागावर हात फिरवून बघा. डागाची जागा आसपासच्या भिंतीपेक्षा कोमट लागली तर गरम पाण्याचा जॉइंट गेलाय.

संशय पक्का होत आला की प्लंबरला प्रेशर टेस्ट करायला सांगा. तो नळांच्या जागी प्लग लावतो, हातपंपाने लाइनमध्ये दाब भरतो आणि गेजचा काटा खाली येतो का बघतो. "टेस्टची गरज नाही, मला अनुभवाने कळतं" असं म्हणून हातोडा काढणारा प्लंबर असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि एक विचारून बघा: अलीकडे टॉवेलचा रॉड, आरसा किंवा कपाटाचे बोल्ट त्या भिंतीत ठोकलेत का? ड्रिल पाइपला चाटून गेलेलं असतं आणि स्क्रूच भोक अर्धंमुर्धं बुजवून ठेवतो. गळती महिन्या-दोन महिन्यांनी उघडी पडते.

५. दर्जा, ॲसिड आणि भोकं

आता गुडघ्यावर बसा आणि टॉर्च तिरपा धरून लादीवरून फिरवा. दर्जांमध्ये काळे खोलगट खड्डे दिसतात? टाचणी घालून बघा, किती आत जाते.

आपल्याकडे दर्जांचं वाटोळं होण्याचं मोठं कारण म्हणजे ॲसिड. दर आठवड्याला बाथरूम ॲसिडने घासून पांढराशुभ्र करायची सवय घरोघरी आहे. ॲसिड डाग खातं, तसं सिमेंटही खातं. लादी चकाकते आणि तिच्या कडेची भरण पोकळ होत जाते. ते आजपासून बंद करा, साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे.

दर्जांबरोबर भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा, कमोडचा बूड आणि शॉवरच्या काचेच्या पार्टिशनचे खालचे स्क्रू बघा. पार्टिशन बसवणाऱ्याने जमिनीत भोकं पाडली असतील तर वॉटरप्रूफिंगच्या थराला त्याने तिथे तेवढी भोकं पाडलीत. जुन्या लादीवर नवी लादी चिकटवली असेल तर पाण्याचा उतारही बघा. एक तांब्या पाणी ओता. ते ट्रॅपकडे न जाता दाराकडे येत असेल तर दर्जा कितीही भरा, काम टिकणार नाही. उतार मीटरला निदान १०-१२ मिलिमीटर हवा.

उतार ठीक असेल तर इथे थांबून एक उपाय करून बघण्यासारखा आहे. बाथरूम दोन-तीन दिवस पूर्ण बंद ठेवा, दर्जा खरवडून वाळू द्या, मग इपॉक्सी ग्राउट (दर्जा भरायचं पाणी न शोषणारं मिश्रण) भरा. वाळवणं टाळू नका. ओल्या दर्जेत इपॉक्सी धरत नाही आणि आतलं पाणी आतच कोंडून ठेवते. ग्राउट भरल्यावर एक दिवस पाय ठेवायचा नाही, आणि बादलीभर पाणी ओतायला आणखी काही दिवस जाऊ द्यायचे. यानंतर महिनाभर रेघ बघा. संकमध्ये आधी साठलेलं पाणी काही आठवडे येतच राहतं, तेव्हा चौथ्या दिवशी कामवाल्याला फोन करून शिव्या देऊ नका.

६. उंबरा

ही जागा लोक विसरतात म्हणून वेगळी लिहितोय. ओल दाराच्या दोन्ही बाजूंच्या स्कर्टिंगला सगळ्यात जास्त असेल आणि दारापासून लांब जाताना कमी होत असेल, तर पाणी उंबऱ्याच्या ग्रॅनाइटखालून बाहेर येतंय. बांधताना वॉटरप्रूफिंगचा थर बऱ्याचदा चौकटीपाशी आणून सोडून देतात आणि उंबरा नुसत्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यावर बसवतात. तो मसाला पाणी सरळ बेडरूमच्या फरशीखाली नेतो. दाराशेजारच्या खोलीतल्या टाइल्सवर नाण्याने टकटक करून बघा, पोकळ आवाज येतो आणि दर्जा कायम काळपट दिसतात. इथे सगळं बाथरूम फोडायचं कारण नाही. उंबरा काढून, खाली आणि दोन्ही बाजूंना कोटिंग वळवून तो परत बसवायचा. एका चांगल्या गवंड्याचं दोन-तीन दिवसांचं काम.

७. पाणी भरून ठेवणं

खालच्या घरी आधी सांगा. त्यांच्या छताचा गिलावा सुटत असेल किंवा डाग त्यांच्या दिव्या-पंख्याजवळ असेल तर ही तपासणी करूच नका.

नहाणी ट्रॅपचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा. उंबऱ्याच्या खाली राहील इतपत, एक-दीड इंच पाणी भरा. टाइलवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलची खूण करा. शेजारी एका स्टीलच्या ताटात पाणी घेऊन त्यालाही खूण करा. चोवीस तासांनी ताटातलं पाणी जेवढं उतरलं तेवढं हवेत गेलं. जमिनीवरचं त्याहून बरंच जास्त उतरलं असेल तर लादी किंवा ट्रॅपची कॉलर गळतेय (बोळा घट्ट बसला होता याची खात्री असेल तर). कॉलर म्हणजे ट्रॅप आणि कोबा यांचा सांधा. वॉटरप्रूफिंगचं कोटिंग ट्रॅपच्या तोंडात आत वळवायला हवं, ते वळवायचा कंटाळा सगळ्यांना येतो, आणि संकमध्ये सगळ्यात जास्त पाणी मी तिथूनच शिरताना बघितलंय.

पातळी उतरली नाही तर उलट तपासणी करा. लादी कोरडी ठेवा आणि नळी थेट ट्रॅपमध्ये सोडून चार-पाच बादल्या पाणी ओता, दोन-तीन दिवस. ओल यानेच वाढली तर दोष ट्रॅपच्या पुढच्या पाइपात. पाण्यात जिलबीचा रंग टाकायची युक्ती चांगली आहे, पण खाली रंग दिसला तरच पुरावा. कोब्यातून गाळून येताना रंग मागेच राहू शकतो, म्हणून रंग न दिसणं म्हणजे गळती नाही असं समजू नका.

८. डक्टमध्ये डोकावणं

डक्ट म्हणजे इमारतीत पाइपांसाठी सोडलेली उभी मोकळी जागा. खिडकीतून, उभं राहून बघायचं. उतरायचं नाही. काही बिल्डर संकमधलं पाणी बाहेर पडायला डक्टमध्ये बोटभर जाडीचा पाइप काढून ठेवतात. त्यातून थेंब पडताना दिसले तर संक भरलेला आहे हे नक्की. सांडपाण्याच्या उभ्या पाइपांचे सांधे ओले आहेत का, भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप आलंय का, तेही दिसेल. रोप नुसतं उपटलं तर मुळं आत राहतात आणि पुन्हा फुटतात. दोरावर काम करणारी माणसं लावून ते मुळासकट काढून फट भरून घ्यावी लागते, आणि हा खर्च सोसायटीचा.

इथे थांबा, पुढे जाणकार माणूस

ओल स्विचबोर्डपर्यंत आली असेल, भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद होणारा मेनजवळचा स्विच) पुन्हा पुन्हा पडत असेल, तर वरच्या तपासण्याही नंतर. मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ट्रिप होणारा स्विच काढून साधा लावून देणारा इलेक्ट्रिशियन नको.

स्लॅबचा गिलावा पडून गंजलेल्या सळया दिसत असतील, बीम किंवा कॉलमला सळईच्या दिशेने उभी-आडवी भेग असेल, किंवा बाथरूम इमारतीबाहेर काढलेल्या भागावर असेल, तर वॉटरप्रूफिंगवाल्याचं काम संपलं. स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेल. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. झालं असेल तर त्याचा अहवाल सेक्रेटरींकडे मागा.

ताबा घेऊन पाच वर्षं झाली नसतील तर हातोडा लावण्याआधी बिल्डरला लेखी कळवा, फोटो आणि तारखांसकट. रेरा कायद्याच्या (बिल्डर आणि घर घेणारे यांच्यातल्या व्यवहाराचा कायदा) कलम १४(३) प्रमाणे या काळात निघालेला बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष त्याने ३० दिवसांत मोफत दुरुस्त करायचा असतो. आधी फोडलंत तर दोष कोणाचा यावर वाद सुरू होतो. पेन्सिलच्या तारखा इथे कामी येतात.

पाणी वरच्या फ्लॅटमधून येत असेल तर शेजाऱ्यांशी भांडण्याआधी सोसायटीला लिहा. आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि पावसाची गळती सोसायटीने काढायची, फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची ज्याची त्याने.

फोडायचंच ठरलं तर

ठेकेदाराकडून एवढं कागदावर घ्या: कोबा स्लॅबपर्यंत काढणार, पाइप झाकण्याआधी प्रेशर टेस्ट करून दाखवणार, कोपऱ्यांना सिमेंटचा गोल वाटा (गोलसर भरण) करणार, कोटिंग दोन हात देणार, भिंतींवर निदान फूटभर आणि शॉवरच्या जागी डोक्याच्या वरपर्यंत नेणार, उंबऱ्याखालून आणि ट्रॅपच्या तोंडात वळवणार. मग लादी बसवण्याआधी ४८ ते ७२ तास पाणी भरून ठेवणार. पाइप उघडे असताना मेजर टेप धरून फोटो काढा. पुढे कधी आरसा ठोकायचा झाला की ते फोटो सोन्याच्या मोलाचे.

स्लॅबला खालून भोकं पाडून केमिकल भरण्याचा उपाय झटपट असतो, पण वरचं पाणी वरच राहतं आणि दुसरी वाट शोधतं. वरच्या घरचे दारच उघडत नसतील तरच मी तो करतो.

भिंत आणि कपाट

ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत पुट्टी काढा. जिप्सम प्लास्टर असेल तर तेही, भिजल्यावर ते मऊच राहतं. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत आत जातात. मग भिंत उघडी ठेवा. पाहुणे येणार असले तरी ठेवा. फॉइल लावून दोन दिवस कोरडी निघाली की सिमेंटचा गिलावा, तो वाळला की रंग. आतून वॉटरप्रूफ रंग मारून ओल "अडवण्याचा" सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कोंडलेली ओल शेजारच्या पट्ट्यातून बाहेर येते.

कपाट नवं करणार असाल तर ते या भिंतीला नकोच. दुसरी जागा नसेल तर मागची पाठ आयएस ७१० छाप असलेल्या मरीन प्लायची घ्या, एमआर प्लाय (फक्त दमटपणा सोसणारी साधी प्लाय) इथे चालत नाही. तळाला तीन-चार इंचांचे पाय, मागे दोन इंच मोकळे, खाली-वर जाळी. आणि सुताराला पाठ स्क्रूने लावायला सांगा, खिळे-फेव्हिकॉलने नाही, म्हणजे पावसाळ्यात एकदा उघडून भिंत बघता येते.